नाशिकची प्रश्नावली आणि खारेपाटातलं गाव: एका क्षेत्रभेटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी एका गावाचं सर्वेक्षण करून अहवाल द्यावा लागतो. आम्ही बहुतेक वेळा निफाड, दिंडोरी नाहीतर सिन्नरकडे जायचो. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. त्या वर्षी मात्र ठरवलं की मुलांना समुद्राकाठचा भाताचा मुलूख दाखवायचा, तोही पर्यटनाचा किनारा सोडून. रायगड जिल्ह्यात पेणच्या बाजूला खारेपाटातलं एक गाव मिळालं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं ते सासर, म्हणून चार दिवस शाळेत उतरायची सोय झाली. गावाचं नाव इथे देत नाही. माणसांच्या ओळखीच्या खुणाही गाळल्या आहेत.

दोन्ही जिल्ह्यांत 15-15 तालुके, पण साम्य तिथेच संपतं. रायगड, म्हणजे 1981 पर्यंतचा कुलाबा, क्षेत्रफळात नाशिकच्या निम्म्याहूनही लहान. 2011 च्या जनगणनेत रायगडची लोकसंख्या 26 लाख 34 हजार, नाशिकची 61 लाख 7 हजार. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि थोडक्या वाटचालीत खाडीला मिळतात. अंबेचं पाणी धरमतरच्या खाडीत जातं, आणि त्याच वाटेने दिवसातून दोनदा समुद्र आत येतो. खारेपाट म्हणजे या भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. बांधाच्या आत भात, बाहेर चिखल आणि तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान.

आमची प्रश्नावली 62 प्रश्नांची होती. निफाड तालुक्यातल्या एका गावात ती आधी वापरून पाहिली होती आणि तिथे छान चालली होती. विहिरी किती, पाणीपाळी कशी, ठिबक आहे का, शेततळं आहे का, कांदा चाळ आहे का, कर्ज कुठलं, जनावरं किती. मी स्वतः ती तीन वेळा तपासली होती. 24 विद्यार्थ्यांपैकी पाच जण इगतपुरी, त्र्यंबक, पेठ आणि सुरगाण्याचे होते, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या आपल्याच भातपट्ट्यातले. प्रश्नावली करताना त्यांना कुणीच काही विचारलं नाही. मीही नाही.

अडचण कुठे दिसली

डिसेंबर महिना, भेटीचा पहिला दिवस. सकाळी मुलं जोड्या करून घरोघरी गेली आणि संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर फॉर्मचा गठ्ठा जमला. कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली मी फॉर्म चाळायला घेतले आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की हे गाव कागदावर जवळजवळ रिकामं उतरलंय. विहीर: नाही. ठिबक: नाही. शेततळे: नाही. कांदा चाळ: नाही. रब्बी पीक: नाही. पुष्कळ फॉर्मवर जमीन एक-दोन एकर लिहिलेली, समोर पीक भात, आणि उत्पादनाच्या रकान्यात शून्य. शेरा: पडीक.

त्यातल्या सहा फॉर्मवर कर्जाच्या रकान्यात एकच वाक्य होतं: ‘गावाची उधारी बिघडली आहे.’ मी त्या मुलाला विचारलं, कुणाची उधारी, दुकानाची की सोसायटीची? तो म्हणाला, ‘मॅडम, सगळे तेच सांगत होते, उधारी बिघडली म्हणून पाणी आलं.’ तेव्हा आमच्यासाठी भाकऱ्या घेऊन आलेल्या वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हळूच दुरुस्त केलं. आगरी बोलीत ड चा र होतो. लोक ‘उघारी’ म्हणत होते, म्हणजे उघाडी. बांधात बसवलेलं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याला बाहेर ढकलतं आणि भरतीला बाहेरचं पाणी त्यालाच दाबून बंद करतं. ते दार कुजलं, मोडलं किंवा गाळाने अडलं की खारं पाणी सरळ शेतात. आमच्या कागदावर गावाच्या शेतीचं सगळ्यात मोठं दुखणं सावकारी कर्ज म्हणून नोंदलं गेलं होतं.

दुसरा शब्द ‘खांड’. ‘खांड परली’ असं बऱ्याच घरांत ऐकायला मिळालं होतं. खांड पडणं म्हणजे बांध फुटून त्यात मोठं भगदाड पडणं. मुलांना अर्थ लागला नाही, म्हणून त्यांनी तो शब्द लिहिलाच नाही. जमीन पडीक का, याचं उत्तर लोक सकाळपासून देत होते आणि आमच्याकडे ते उतरवायला रकाना नव्हता.

मला खरी काळजी वाटली ती जेवताना. निफाडकडचा एक चांगला, कष्टाळू मुलगा म्हणाला, ‘यांच्याकडे एवढं पाणी, एवढा पाऊस, आणि जमिनी पडीक ठेवतात. भाव यायची वाट बघत असतील.’ दोघांनी माना हलवल्या. वहिनी पुन्हा तिथेच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पातेलं उचलून आत गेल्या. मुलाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. त्याच्या हातात दिलेल्या कागदावरून दुसरा निष्कर्ष निघूच शकत नव्हता, आणि तो कागद माझा होता.

समोर असलेले पर्याय

रात्री आम्ही दोन शिक्षक आणि चार गटप्रमुख बसलो. आमच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली वाट, आहे तीच प्रश्नावली पूर्ण करायची. गुण तिच्यावर होते, मागच्या वर्षांशी तुलना तिच्यावर होती, आणि तीन दिवसांत नवं काही उभं राहील याची खात्री नव्हती. माझे सहकारी या बाजूचे होते. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मधेच साधन बदललं तर पहिल्या दिवसाची माहिती आणि नंतरची माहिती एका तक्त्यात बसत नाही.

दुसरी वाट, फॉर्म बाजूला ठेवून नुसत्या गप्पा मारायच्या. मुलांना ही एकदम आवडली. मला भीती होती की चोवीस वह्यांमध्ये चोवीस तऱ्हांच्या आठवणी जमतील आणि गावाच्या हाती काहीच पडणार नाही.

तिसरी वाट इगतपुरीच्या मुलीने काढली. दिवसभरात तिचाच फॉर्म वेगळा होता. समासात, मागे, उभं-आडवं लिहून तिने तो भरून टाकला होता. ती एका घरी गेली तेव्हा मावशी ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होत्या. हिने चार दाणे उचलून तळहातावर चोळले आणि म्हणाली, ‘हा लाल आहे. आमच्याकडे इंद्रायणी असतो. तुम्ही राब कुठे भाजता?’ राब म्हणजे रोपं वाढवायच्या जागेवर पालापाचोळा पसरून तो जाळणं. मावशींनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, इथं खारीत राबाला झाडपाला आणायचा कुठून, आम्ही मोड आलेलं बी फेकतो, रहू करतो. आणि हा तांदूळ म्हणजे राता. काळा राता, भुरा राता. खारं पाणी थोडंफार सोसतो. त्यानंतर तासभर त्या बोलत राहिल्या. आमच्या फॉर्मवर ‘वाण’ या प्रश्नाला पर्याय होते इंद्रायणी, कोळम, बासमती आणि इतर.

तिचं म्हणणं साधं होतं. कुटुंबाची माणसं, वय, शिक्षण, जमीन हे 14 प्रश्न राहू द्या, ते सगळीकडे लागतात. बाकीचे काढा आणि उद्या गावातल्या चार माणसांना विचारून नवे लिहा. आधी बांध बघू, मग घरं.

आम्ही तिसरी वाट धरली. सहकाऱ्यांच्या हरकतीवर तोडगा म्हणून पहिल्या दिवसाचे फॉर्म टाकून न देता ‘फॉर्म अ’ म्हणून वेगळे ठेवले. नंतर कळलं की तो गठ्ठाच आमचा सर्वांत मोलाचा पुरावा होता.

काय केलं: बांध आणि पाऊणपट

वेळापत्रकात बांधाची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होती. गावातल्या एका आजोबांनी ती ऐकली आणि विचारलं, ‘उद्या तिथी कोणती?’ एकालाही सांगता येईना. त्यांनीच सांगितलं, एकादशी. अकराची पाऊणपट करा, सव्वाआठ. सव्वाआठला भरती भरणार. दुपारी दोनला या, मग दाखवतो.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतो. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवते. त्या दिवशी मुलांनी ते बोटांवर मोजलं.

दुपारी दोनला बांधावर गेलो तेव्हा खाडी मागे हटलेली होती आणि खांड उघडी पडली होती. भगदाडाच्या दोन्ही बाजूंना दगडांची रचना ढासळलेली, मधून चिखलाचा चकचकीत उतार, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. आजोबांनी काठीने समोर दाखवलं. ‘ते उंच तिवार दिसतंय ना, त्याच्या बुडाशी माझं खातं.’ काठीचं टोक होतं तिथे दाट तिवरांचं रान होतं. मुलांनी गावनकाशा उघडला. त्या रानात गट क्रमांक होते, बांधबंदिस्ती होती, खातेदारांची नावं होती.

खारेपाटातली शेतं अशी जातात. उंदीर आणि खेकडे बांध पोखरतात, उधाणाची भरती तिथून वाट काढते, खांड पडते. पूर्वी गावात घरटी एक माणूस कुदळ-घमेलं घेऊन दुसऱ्या ओहोटीच्या आत ती बुजवायला जायचा, असं आजोबा सांगत होते. आता तरुण माणसं पाळीवर पनवेल, उरणकडच्या कामावर. खांड वेळेवर बुजली नाही की रुंदावते. एकदा खारं पाणी मुरलं की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे चांगले व्हावे लागतात. तेवढ्यात भरतीबरोबर आलेलं तिवराचं बी रुजतं. आणि तिवर वाढलं की तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुढे 2018 च्या निकालात कांदळवनांना, म्हणजे तिवरांच्या रानांना, संरक्षण दिलेलं आहे. ते संरक्षण हवंच. किनारा धरून ठेवतं ते तिवरच, आणि मासळीची पिल्लं त्याच्याच मुळांत वाढतात. पण ज्याचा सातबारा त्या तिवराखाली आहे त्याचं दुःखही खरं आहे. अहवालात या दोन गोष्टींपैकी एक खोडून दुसरी लिहायची नाही, हे मी मुलांना बजावून सांगितलं.

‘भाव यायची वाट बघत असतील’ म्हणणारा मुलगा परत येताना आजोबांच्या बरोबर चालत होता. रात्री त्याने स्वतःहून नव्या फॉर्मवर पहिला प्रश्न लिहिला: जमीन कोणत्या साली पाण्याखाली गेली?

तिसऱ्या दिवशी नवा फॉर्म घेऊन पुन्हा घरं केली. फक्त 21 प्रश्न. पहिल्या दिवशी ‘शेततळे: नाही’ असं जिथे लिहिलं होतं तिथे घरामागे तळी निघाली. त्यांत पावसाळ्यात जिताडा या खाडीतल्या माशाची पिल्लं सोडलेली होती. आमच्या मुलांना शेततळं म्हणजे प्लास्टिक अंथरलेला चौकोनी खड्डा एवढंच माहीत, आणि गावाला शेततळं हा शब्दच आपला वाटत नव्हता. ‘मजुरी’च्या रकान्यात पहिल्या दिवशी नुसती खूण होती. आता पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणारी मुलगी, खाडीत चिंबोऱ्या पकडणारी आई आणि पूर्वी मिठागरात काम केलेले आजोबा एकाच घरात सापडले. कांदा चाळीचा प्रश्न आम्ही काढून टाकला होता, पण एका मावशींनी आपण होऊन सांगितलं की त्यांच्या माहेरी, अलिबागकडे, पांढरा कांदा पिकतो आणि तो पातीसकट माळांमध्ये विणून आढ्याला टांगतात. या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. लासलगावशेजारून आलेल्या दोन मुली ते ऐकताना लिहायच्याच विसरल्या.

कातकरवाडी: इथला निर्णय अजून सलतो

गावाच्या टेकाडाकडच्या अंगाला कातकरी वस्ती आहे. पहिल्या दिवशी गेलेल्या जोडीने तिथे ‘घर बंद, पुढचे घर घेतले’ अशी नोंद केली होती. प्रश्नावलीच्या सूचनेत मीच तसं लिहिलं होतं. पुढचं घरही बंद, त्याच्या पुढचंही. शेवटी ती जोडी वाडी सोडून गावात परतली. सूचना तंतोतंत पाळली होती, आणि त्यामुळे अख्खी वाडी नमुन्यातून गळली होती.

भाताची कापणी-झोडणी उरकली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. डिसेंबरात वाडीत म्हातारी माणसं आणि थोडी मुलंच होती. दाराला लावलेलं कुलूप हीच तिथली सर्वांत महत्त्वाची माहिती होती.

पुन्हा बसलो. शेजाऱ्यांकडून या घरांचे फॉर्म भरून घ्यावेत, असं दोन गटप्रमुखांना वाटत होतं. म्हणजे आकडा पूर्ण होईल. मी नको म्हटलं. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल किती, कोण कुठे गेलं, हे शेजाऱ्याच्या तोंडून लिहून घेणं बरोबर नाही. ते ज्याचं त्याने सांगायचं. वाडी सोडूनच द्यावी असंही एक मत होतं. तेही पटेना. शेवटी आम्ही फक्त कुलपं मोजली, नकाशावर बंद घर आणि उघडं घर वेगळ्या खुणेने दाखवलं, आणि मागे राहिलेल्या दोन आजींशी त्यांच्या स्वतःपुरतं बोललो. एकीने सांगितलं की लावणी-कापणीला गावातले लोक त्यांनाच बोलावतात. ज्या वर्षी बांध फुटतो त्या वर्षी वाडीचीही मजुरी बुडते. आमच्या तक्त्यात मात्र खांडीचं नुकसान फक्त सातबारावाल्यांचं दिसत होतं. वाडीत सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता.

हा निर्णय अर्धवट होता. माणसांना भेटायचंच होतं तर डिसेंबरात जाऊन उपयोग नव्हता.

निष्पत्ती

अहवाल फेब्रुवारीत पूर्ण झाला. त्यात फॉर्म अ आणि नवा फॉर्म शेजारी शेजारी छापले. त्याच घरांची पहिल्या दिवशी काय नोंद झाली आणि तिसऱ्या दिवशी काय. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी साधन मधेच बदलल्याबद्दल कान उपटले, मग दोन्ही फॉर्मच्या प्रती मागून घेतल्या.

वाणांच्या भागात मुलांनी रात्याबरोबर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून आलेले पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3 हेही नोंदले. हे केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. इतिहासाच्या भागात खोतीविरुद्धचा, म्हणजे कोकणातल्या जमीनदारीविरुद्धचा, चरीचा संप आला. अलिबाग तालुक्यातल्या चरीला 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी शेती न करण्याचा निर्धार केला आणि तो 1939 पर्यंत टिकवला. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक आणलं. आमच्या मुलांना 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह पाठ असतो, पण त्याच दशकात घाटाखाली भातशेतीवर हे चाललं होतं हे त्यांना नवीन होतं.

गावाला दिलेला शब्द मात्र आम्ही उशिरा पाळला. नकाशा जानेवारीत देऊ म्हटलं होतं, तो एप्रिलमध्ये पोहोचला. त्या मधल्या काळात ग्रामसभेत बांधदुरुस्तीचा विषय निघाला होता आणि कुठल्या गटांत पाणी शिरतं हे दाखवायला तो नकाशा हवा होता, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मला ते ऐकणं कठीण गेलं. आमच्यासाठी तो गुणांचा कागद होता, म्हणून सीमारेषा, रंग, सूची नीट होईपर्यंत आम्ही धरून बसलो. पेन्सिलीने काढलेला कच्चा नकाशाही त्यांना चालला असता.

आज पुन्हा जायचं तर

प्रश्नावली करायच्या आधी दोघा-तिघांनी जाऊन यावं, रिकाम्या हातांनी. दोन दिवस पुरतात. आमच्याकडे त्या खर्चाला मंजुरी नव्हती आणि मी मागितलीही नाही.

एकाच भेटीत भाताचं गाव कळत नाही. जुलैत लावणीला आणि डिसेंबरात झोडणीनंतर, अशा दोन भेटी लागतात. बारा महिने द्राक्षबागेत काहीतरी चालू असतं, त्यामुळे निफाडला कधीही गेलं तरी चालतं ही आमची सवय झाली होती. वर्षाकाठी एकच पीक येणाऱ्या खारजमिनीत गावाचं रूप महिन्यागणिक बदलतं.

वर्गातल्या पाच मुलांचं ज्ञान आम्ही नाशिकहून निघतानाच वापरायला हवं होतं. इगतपुरीचा पाऊस रायगडच्या तोडीचा. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा गोदावरीकडे पाठ फिरवून अरबी समुद्रालाच जाते. राब, आवणी (भाताची लावणी), चिखलणी हे शब्द आमच्याच जिल्ह्यातले आहेत. तरी नाशिकचं शेत म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर द्राक्षाचा मांडव आणि कांद्याची चाळच येते. त्या मुलीला मी नंतर विचारलं, निघायच्या आधी का बोलली नाहीस? ती म्हणाली, ‘मॅडम, मला वाटलं अभ्यासाचे प्रश्न असेच असतात.’

पुढच्या जुलैत आम्ही तिच्या गावी गेलो. आवणी चालू होती, म्हणून फॉर्म घेऊन घरोघरी गेलो नाही. मुलं आधी वावरात उतरली, पावसात रोपाच्या मुठी बांधावरून पुढे देत राहिली. दुपारी भाकरी खाताना तिच्या आईने प्रश्नावली वाचून घेतली आणि तीन प्रश्न खोडायला लावले. ‘राब कोणत्या झाडाचा’ हा प्रश्न त्यांनी घातला.

फॉर्मच्या डोक्यावर आता दिनांकाशेजारी ‘तिथी’ असा रकाना आहे. ‘घर बंद असल्यास पुढचे घर घ्यावे’ ही सूचना काढून टाकली आहे आणि तिथे ‘कुलूप: केव्हापासून, केव्हापर्यंत’ एवढंच आहे. तो रकाना कुणाला विचारून भरायचा हे ठरलेलं नाही. वाडीतली माणसं पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हा आमच्या मुलांच्या परीक्षा नुकत्याच संपलेल्या असतात. या जूनमध्ये मी आणि चार मुलं तिकडे जाणार आहोत, फॉर्म न घेता. वहिनींना तसं कळवलं आहे.